स्विमिंग पुलाला हीटर लावल्यावर गेज चढला, पण जेटची धार पडली

शापोराकाठ

नमस्कार मंडळी. शिवोलीला माझ्या मावशीचं घर आहे, मागच्या अंगणात छोटा पूल आहे. घर होमस्टे म्हणून चालतं आणि देखभाल माझ्याकडे असते. पूल 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, सरासरी खोली 1.4 मीटर, म्हणजे साधारण 45 हजार लिटर पाणी. पंप 1 एचपीचा, फिल्टर 24 इंची वाळूचा, पाइप सगळे 50 एमएम.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा 20 अंशांपर्यंत उतरते. त्यात पुलावर फणसाची आणि माडांची सावली दिवसभर, त्यामुळे सकाळी पाण्यात उतरायला कोणी धजत नाही. म्हणून यंदा 14 किलोवॉटचा हीट पंप (हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारं यंत्र) घेतला. पाहुण्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून कंत्राटदाराने तो घराला वळसा घालून पलीकडे परसात बसवला. पाणी गरम होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

पण पूर्वी वाळू स्वच्छ असताना फिल्टरवरचा प्रेशर गेज 0.8 बार दाखवायचा, तो आता 1.1 दाखवतो. जेटची, म्हणजे पाणी पुलात परत सोडणाऱ्या तोंडांची, धार मात्र पडली आहे. स्किमर (वरवरचं पाणी ओढून घेणारं तोंड) फणसाची पानं पूर्वी सरसर ओढून घ्यायचा, आता ती तोंडाशीच फिरत राहतात. तळ झाडायला वॅक्यूम लावला की हीट पंप फ्लोची एरर देऊन बंद पडतो. आमचा माळी गेज 1 च्या वर गेला की बॅकवॉश (पाणी उलटं सोडून वाळू धुणं) करायचा, त्याच सवयीने तो आता रोज बॅकवॉश करतोय. तरी काटा खाली येत नाही. कंत्राटदाराचं म्हणणं, "प्रेशर वाढलंय म्हणजे पंप जोरात चालतोय, चांगलंच आहे."

प्रेशर वाढलं तर धार कमी कशी झाली? पाणी तापल्यामुळे प्रेशर वाढतं का? आणि रोजचा बॅकवॉश बरोबर आहे का? इथे कोणी या कामातलं असेल तर कृपया सांगा.

काणकोणकर

पाणी तापलं की फुगतं, त्यामुळे थोडं प्रेशर वाढणारच. आमच्या इथे एकाने दीड एचपीचा पंप बसवून घेतला आणि त्याचा प्रश्न सुटला. तुम्हीही पंप बदला.

पंपखोली

@शापोराकाठ, मी फोंड्याला असतो आणि पुलांच्या पंपखोल्यांतच माझं आयुष्य गेलंय. पंपाला अजून हात लावू नका. रोजचा बॅकवॉश मात्र आजच थांबवा.

गेजवर प्रेशर दिसतं, पाणी किती वाहतंय ते दिसत नाही. वाळूच्या फिल्टरवरचा गेज एवढंच सांगतो की त्याच्या पुढे पाण्याला किती अडथळा आहे. पुढे म्हणजे वाळू, मग हीटर, मग रिटर्नचे पाइप आणि जेट. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की नळीच्या आत दाब वाढतो आणि बादली भरायला जास्त वेळ लागतो, तसंच इथे झालंय. हीटर आणि त्याची पायपिंग हा तो अंगठा. पंप तोच, मोटर तीच. सेंट्रिफ्युगल पंपाला पुढे जितका जास्त अडथळा, तितकं तो पाणी कमी देतो आणि दाब जास्त दाखवतो. म्हणून काटा वर जाणं आणि धार पडणं यांत विरोध काहीच नाही, दोन्हींचं मूळ एकच आहे. प्रेशर वाढलं म्हणजे चांगलंच, हे जे तुम्हाला सांगितलं गेलं ते साफ चुकीचं आहे. अशाच समजुतीपायी माणसं महिनोन्‌महिने हिरवट पाण्याशी झुंजत राहतात, कारण पाणी पुरेसं फिरतच नसतं.

काणकोणकर भाई, तापल्याने पाणी फुगतं हे खरं, पण पूल वरून उघडा आहे. 20 अंशांवरून 30 अंशांवर नेलं तर पाणी सुमारे पाव टक्का फुगतं. या पुलात ते 110-115 लिटर होतं, म्हणजे पातळी साडेतीन मिलिमीटर वर जाईल. एक पाहुणा पाण्यात उतरला तरी त्याच्या निम्म्याहून जास्त फरक पडतो. दाब साठायला बंद भांडं लागतं, तसं इथे काही नाही. उलट कोमट पाणी थोडं पातळ असतं, त्यामुळे पाइपातलं घर्षण किंचित कमीच होतं. गेजवर दिसेल इतका तो फरक नसतो.

आता दोष वाळूत आहे की पुढे, हे मल्टिपोर्ट व्हॉल्व्हवरच (फिल्टरवरच्या दांड्याच्या झडपेवर) कळतं. पंप बंद करा, दांडा 'फिल्टर'वरून 'रीसर्क्युलेट'वर आणा, पंप चालू करा. (चालू पंपावर दांडा कधीही फिरवू नका, आतला स्पायडर गॅस्केट (रबरी सील) निसटतो आणि मग पाणी बॅकवॉशच्या पाइपाने गटारात जात राहतं, आठवडाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.) या स्थितीत पाणी वाळूला टाळून जातं, पण हीटर आणि जेटमधून मात्र जातं. काटा धाडकन खाली आला तर वाळू चोंदली आहे. जेमतेम खाली आला तर अडथळा फिल्टरच्या पुढे आहे, आणि कितीही बॅकवॉश केलात तरी तो जाणार नाही.

एवढं करून आकडा सांगा. शिवाय हीट पंपापर्यंत जाऊन-येऊन पाइप किती मीटर आहे, एल्बो (वळणाचे जोड) किती आहेत, बायपास (हीटर टाळून जाणारी वाट) ठेवलाय का, आणि हीट पंपाच्या पुस्तिकेत पाण्याचा प्रवाह किती लिहिलाय, हेही लागेल.

शापोराकाठ

@पंपखोली, मनापासून आभार. आज सकाळी केलं. फिल्टरवर 1.1, रीसर्क्युलेटवर 1.0 च्या किंचित खाली. म्हणजे वाळू निर्दोष.

पाइप जाताना 25 मीटर, येताना 25 मीटर. मोजले तर एल्बो 14 निघाले, सगळे काटकोनातले. बायपास नाही, सगळं पाणी हीट पंपातूनच फिरतं. पुस्तिकेत प्रवाह ताशी 5 ते 7 घनमीटर आणि हीटरच्या आतला अडथळा साधारण 1 मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) असं दिलंय.

पंपखोली

मग चित्र स्पष्ट आहे. अडथळा मुख्यतः पायपिंगचा आहे, हीटरचा नाही. लोक हीटरला शिव्या घालतात आणि पाइपाकडे बघतही नाहीत, म्हणून हिशोब इथे मांडतो.

50 एमएम हे बाहेरचं माप, आतून तो पाइप 45 एमएमच्या आसपास असतो. त्यातून ताशी 9 घनमीटर पाणी गेलं तर वेग सेकंदाला सुमारे दीड मीटर होतो आणि दर 100 मीटरला साडेपाच मीटर हेड घर्षणात जातं. तुमच्या 50 मीटरला पावणेतीन मीटर. 14 एल्बोंचे मिळून आणखी दीड मीटर. हीटरचा स्वतःचा 1 मीटर. एकूण सव्वापाच मीटर, म्हणजे अर्धा बार जादा अडथळा तुमच्या त्याच 1 एचपीच्या पंपापुढे येऊन बसला.

मग गेज अर्ध्या बारने का चढला नाही, 0.3 नेच का? कारण अडथळा वाढताच पाणी कमी झालं, आणि पाणी कमी झालं की वाळूतला, जेटमधला जुना अडथळाही उतरला. अडथळा प्रवाहाच्या वर्गात बदलतो. प्रवाह निम्मा झाला तर अडथळा चौथ्या हिश्श्यावर येतो. या सगळ्यात पंप एका नव्या जागी स्थिरावतो. तुमच्या आकड्यांवरून माझा अंदाज असा की पूर्वी ताशी साडेअकरा घनमीटर पाणी फिरत होतं, आता सव्वानऊच्या आसपास आहे. पाचवा हिस्सा गेला. स्किमरची ओढ गेली ती यामुळेच.

हा अंदाज पक्का करायचा असेल तर पंपाच्या सक्शन बाजूला एक व्हॅक्यूम गेज लावून घ्या. बहुतेक पंपांच्या स्ट्रेनरच्या भांड्याला खाली ड्रेन प्लग असतो, तिथे बसतो. दाबाच्या गेजवरचा 1 बार म्हणजे 10.2 मीटर हेड. व्हॅक्यूमचे दर 100 मिलिमीटर पारा म्हणजे 1.36 मीटर. दोन्हींची बेरीज करा आणि पंपाच्या पुस्तिकेतल्या आलेखावर त्या हेडला किती पाणी दिलंय ते बघा.

बॅकवॉशबद्दल. "1 बारला बॅकवॉश" हा नियम तुमच्या जुन्या पायपिंगपुरता होता. खरा नियम असा की वाळू स्वच्छ असतानाचा आकडा लिहून ठेवायचा आणि काटा त्याच्यावर अर्धा ते पाऊण बार चढला की बॅकवॉश करायचा. हीटर लावल्याच्या दिवशी हा स्वच्छ आकडा बदलला, तो नव्याने लिहून गेजखाली चिकटवायला हवा होता. ते काम कंत्राटदाराचं. तुमच्या मापाच्या फिल्टरला तीन मिनिटांच्या बॅकवॉशला पाचशे-साडेपाचशे लिटर पाणी जातं. रोज तेवढं टाकायचं आणि एप्रिल-मेमध्ये टँकरने आणून भरायचं, हे मला बघवत नाही. शिवाय वाळूत थोडा मळ बसलेला असला की बारीक कण जास्त चांगले अडकतात. रोज धुतलेली वाळू उलट गढूळ पाणी सोडते.

काणकोणकर

हिशोब पटला. पण मग दीड एचपीने हाच अडथळा पार होईल ना? पायपिंग उकरण्यापेक्षा स्वस्त पडेल.

पंपखोली

भाई, वर्गाचा नियम इथेही लागू होतो. त्याच पाइपातून 20 टक्के पाणी जास्त ढकलायला 44 टक्के जास्त हेड लागतं. वीज जाईल, धार मात्र तेवढी वाढणार नाही. दुसरं, 24 इंची फिल्टरची क्षमता ताशी 11-12 घनमीटरच्या आसपास असते. त्याहून जास्त ढकललं तर पाणी वाळूत वाटा पाडून न गाळता निघून जातं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोठा पंप म्हणजे तळाच्या मेन ड्रेनवर जास्त ओढ. जुन्या पुलांत तळाला एकच जाळी असते. ती एखाद्या मुलाच्या पाठीने किंवा केसांनी झाकली गेली तर पंपाची सगळी ताकद तिथे एकवटते आणि मोठ्या माणसालाही त्याला सोडवणं अवघड जातं. दोन ड्रेन एकमेकांपासून लांब, वर घुमटाकार जाळी, हे तपासल्याशिवाय कुठल्याही पुलाचा पंप वाढवू नका. होमस्टेच्या पुलात तर अजिबात नको. पाहुण्यांच्या मुलांना आपली जाळी कशी आहे हे माहीत नसतं.

@शापोराकाठ, तुमच्यासाठी इलाज बायपासचा. हीटरकडे पाइप जिथून फुटतो तिथेच, पंपखोलीत, जाण्याच्या आणि येण्याच्या पाइपांमध्ये एक आडवा तुकडा टाका. तीन बॉल व्हॉल्व्ह लागतील. एक हीटरकडे जाताना, एक तिकडून येताना, एक आडव्या तुकड्यावर. हीटरची किंवा लांबच्या पाइपाची दुरुस्ती निघाली तर पहिले दोन बंद, आडवा पूर्ण उघडा, पूल चालू राहतो. एरवी पहिले दोन पूर्ण उघडे ठेवून आडवा थोडा थोडा उघडत जायचं, हीटरमधून ताशी 6 घनमीटर जाईपर्यंत.

6 घनमीटर कसे ओळखायचे? थर्मामीटरने. 1 किलोवॉट उष्णता 1 घनमीटर पाण्याला तासाभरात 0.86 अंश तापवते. तुमचे 14 किलोवॉट पूर्ण मिळत असतील तर सव्वानऊ घनमीटरला हीटरमधून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात 1.3 अंशांचा फरक पडेल, 6 घनमीटरला 2 अंशांचा. आडवा व्हॉल्व्ह उघडत फरक 2 अंशांवर आणा, तिथे थांबा. हात लावून बघू नका, 2 अंश हाताला कळत नाहीत.

इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. बाहेर येणारं पाणी जास्त गरम लागावं म्हणून लोक हीटरमधला प्रवाह आवळत जातात. त्याने पूल लवकर तापत नाही. तासाला मिळणारी उष्णता तेवढीच, ती थोड्या पाण्यात गेली की जास्त गरम भासते इतकंच. फार आवळलं तर हीट पंपाच्या गॅसचा दाब चढतो, तो एरर देतो, आणि चालतो तेव्हाही वीज जास्त खातो. तुमचं 45 हजार लिटर पाणी 1 अंशाने वाढवायला सुमारे 52 युनिट उष्णता लागतेच, म्हणजे 14 किलोवॉटला पावणेचार तास. रात्री हवेत जाते ती वेगळी, म्हणून संध्याकाळी पुलावर कव्हर घाला. सगळ्यात जास्त उष्णता बाष्पीभवनात जाते.

डिचोली_सुलभा

फार उपयोगी धागा. माझा प्रश्न जवळचाच आहे. आमच्याकडे हीट पंप नाही, छपरावर सोलरची काळी पॅनेल आहेत, पंपापासून साधारण 6 मीटर उंच. सकाळी पंप सुरू केला की गेज एकदम चढतो, मग थोड्या वेळाने खाली येतो. आणि पहिली काही मिनिटं जेटमधून बुडबुडे येतात. हे बिघडल्याचं लक्षण आहे का?

पंपखोली

सुलभाताई, नाही. रात्री पंप बंद झाला की छपरावरचं पाणी खाली उतरतं आणि वरच्या व्हॅक्यूम व्हॉल्व्हमधून पाइपात हवा शिरते. तसं व्हायलाच हवं, नाहीतर पॅनेल आत ओढली जाऊन चेपतात. सकाळी रिकाम्या पाइपातून पाणी 6 मीटर चढवावं लागतं, म्हणून सुरुवातीला गेजवर 0.6 बार जादा दिसतात. पाइप भरला की उतरणारं पाणी चढणाऱ्याला ओढ देतं आणि उंचीचा बोजा जवळजवळ फिटतो. मग उरतं ते फक्त घर्षण. बुडबुडे ही रात्रीची हवा.

दिवसभर बुडबुडे येत राहिले तर मात्र बघा. तेव्हा छपरावर पाण्याचा दाब हवेपेक्षा कमी पडत असतो आणि व्हॉल्व्ह चालू पंपातही उघडा राहतो. परतीच्या पाइपावरचा व्हॉल्व्ह जरासा आवळला की वर दाब येतो. नाहीतर तो व्हॅक्यूम व्हॉल्व्ह छपराच्या माथ्यावरून काढून खालच्या उंचीवर घ्यावा लागतो.

मयेकर_अ

आमच्या गावात नळाला दुपारनंतर प्रेशरच नसतं. पुलाचं प्रेशर त्यामुळे कमी होतं का?

पंपखोली

नाही. पुलाचं पाणी तेच तेच फिरतं, नळाचा संबंध फक्त भरण्यापुरता. पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्याखाली गेली तर मात्र स्किमर हवा ओढतो, पंपाचं पाणी तुटतं आणि गेजचा काटा थरथरायला लागतो. पातळी तेवढी सांभाळा.

शापोराकाठ

कळवायला उशीर झाला, सीझनमध्ये प्लंबर मिळणं किती कठीण ते इथे सगळ्यांना माहीत आहे. म्हापशातून व्हॉल्व्ह आणि युनियन (सोडता येणारे जोड) आणले, बायपास बसला. आडवा व्हॉल्व्ह साधारण अर्धा उघडल्यावर हीटरच्या दोन बाजूंचा फरक 2 अंशांवर आला. गेज 0.9 दाखवतो. व्हॅक्यूम गेजही लावला, पंपाच्या आलेखावर ताशी साडेदहा घनमीटरच्या आसपास येतंय. स्किमर पुन्हा पानं ओढायला लागला. वॅक्यूम लावताना माळी आता हीट पंप बंद करून आडवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, बाकीचे दोन मिटतो.

बॅकवॉश आता 1.4 ला करायचा असं गेजखाली लिहून ठेवलंय.

अजून एक विचारतो. आमचा सॉल्ट क्लोरिनेटर (पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र) हीटरकडे पाइप फुटण्याच्या आधी बसवलाय. चालेल का? आणि आमच्या विहिरीचं पाणी जांभ्यातलं आहे, हीटरमध्ये क्षार बसून पुन्हा फ्लो कमी होईल अशी भीती वाटते.

पंपखोली

छान झालं. 0.9 वर अर्धा बार म्हणजे 1.4, बरोबर लिहिलंत.

क्लोरिनेटर हलवा. तो नेहमी हीटरच्या नंतर, पुलाकडे परतणाऱ्या पाइपावर सगळ्यात शेवटी, आणि दोघांच्या मध्ये एक एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह). पंप बंद असताना क्लोरिनेटरमधलं तीव्र पाणी मागे हीटरमध्ये साचू नये म्हणून. तुमच्या हीट पंपाची कॉइल टायटॅनियमची असेल तर ती तग धरेल, पण तांब्याची असेल तर काही सीझनमध्येच भोकं पडतील. पुस्तिकेत बघून घ्या. एनआरव्ही घेताना झडपेचा घ्या, जोरकस स्प्रिंगचा नको, तोही प्रवाह खातो. स्किमरमध्ये क्लोरीनच्या गोळ्या टाकायची माळ्याला सवय असेल तर तीही मोडा, गोळीचं आंबट पाणी थेट हीटरमधून जातं.

क्षारांचं म्हणाल तर जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि आम्लाकडे झुकणारं असतं. त्यात क्षार बसण्यापेक्षा धातू खाल्ला जाण्याची भीती जास्त. किनाऱ्याजवळच्या वाळूतल्या, शिंपल्यांच्या थरातल्या विहिरींची गोष्ट वेगळी, तिथे कठीणपणा सापडतो. तुमच्याकडे एका बाजूला आम्लाकडचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला पीएच चढवत नेणारा सॉल्ट क्लोरिनेटर आहे, म्हणून पीएच आणि अल्कलिनिटी दोन्ही नियमित तपासा. पीएच 7.2 ते 7.6 मध्ये राहिला तर कॉइल सुरक्षित. जांभ्याच्या पाण्यात लोहही असतं. नवीन पाणी भरून क्लोरीन टाकल्यावर पाणी तांबूस झालं तर ते लोह वाळूत अडकेल आणि गेज नेहमीपेक्षा लवकर चढेल. तो बॅकवॉश मात्र खरा, तो टाळू नका.

पावसाळ्यात हीट पंप वापरणार नसाल तर त्याच्याकडचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटा, युनियन सोडून आतलं पाणी काढून टाका. बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या अधूनमधून नळाच्या साध्या पाण्याने हलकेच धुवा. खाऱ्या हवेत त्या फार लवकर भुरभुरतात.

शापोराकाठ

कॉइल टायटॅनियमची आहे, आत्ताच पुस्तिकेत बघितलं. क्लोरिनेटर पुढच्या आठवड्यात हलवतो, पाहुणे गेले की.